टक्केकाका

टक्केकाकांना ‘तब्येत काय म्हणतेय’ असं विचारलं की ते आठवून, विचार करून उत्तर देतात. “साखर मागच्या तिमाहीत एकशे अठ्ठेचाळीस होती, या तिमाहीत एकशे एकतीस. उतार आहे. पण गोळ्यांचा खर्च वजा केला तर...” इथे शहाण्या माणसाने घड्याळ बघून सटकायचं असतं. मला ते अजून जमलेलं नाही.

सिडकोत एन-वनपासून एन-ट्वेल्व्हपर्यंत कुठल्याही सेक्टरात जा, असा एक तरी नग सापडतोच. आमचे काका कॅनॉटच्या मागच्या गल्लीत राहतात. रो-हाऊस, दारात तुळस, तुळशीहून उंच पाण्याची काळी टाकी. अंगात बारीक चौकड्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक बारा आकडी कॅलक्युलेटर. हा कॅलक्युलेटर ते देवदर्शनालाही नेतात. श्रावणात खुलताबादला भद्रा मारुतीच्या रांगेत उभं असताना पुढे किती माणसं, मिनिटाला किती सरकतात आणि पासाच्या रांगेवाले नेमके कितीने पुढे गेले, याचा हिशेब त्यांनी मला तोंडी करून दिला होता. मारुतीपर्यंत पोचलो तेव्हा काय मागायचं तेच मी विसरलो.

काकांची सगळी नोकरी कोषागारात गेली. लोकांच्या बिलांवर आक्षेप काढणं हे काम. २०१० साली अठ्ठावन्न पूर्ण करून ते निवृत्त झाले. आक्षेप काढायला बिलं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी भोवतालच्या माणसांवर काढायला सुरुवात केली. तिकडे लाल शाईत ‘नियम काय?’ असं लिहायचे, इकडे तोंडी विचारतात, “टक्के किती?”

हा प्रश्न आला की समोरचा गार. कारण आपल्याकडे माणूस पैशाची गोष्ट रुपयांत सांगतो. “दोन लाख भरले, साडेतीन लाख मिळाले,” असं सांगून तो खूश असतो. त्याची ती खुशी काकांना बघवत नाही. एकदा एक विमा एजंट, गल्लीतलाच मुलगा, त्यांच्या ओट्यावर बसून हेच सांगत होता. वर्षाला दहा हजार, वीस वर्षं, शेवटी साडेतीन लाख. काकांनी चहा येईपर्यंत बोटं चालवली आणि म्हणाले, “पाच पूर्णांक एक.” मुलगा म्हणाला, “काका, दीड लाख फायदा आहे!” काका म्हणाले, “दीड लाख आहे, पण वीस वर्षांनी आहे. पहिला हप्ता वीस वर्षं अडकला, शेवटचा एकच वर्ष. सगळ्यांना एका दावणीला बांधतोस का?” मुलगा म्हणाला, “विम्याचं संरक्षणही आहे की त्यात.” “मग त्याचा हप्ता वेगळा काढून दाखव.” तेव्हापासून तो मुलगा घरी जायला पलीकडच्या गल्लीतून वळसा घालतो. वळशाचे पेट्रोल किती, तेही काकांनी काढून ठेवलंय.

या माणसाला हिशेबाचा नाद लागला तो आजोबांपासून. आजोबा वैजापूरकडचे, निजामाच्या राज्यातले. घरात दोन नाणी चालायची, निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. वैजापूरची हद्द ओलांडून नाशिककडे बाजाराला जायचं तर प्रत्येक सौदा साताने भागून सहाने गुणायचा. मराठवाडा १९४८ साली मोकळा झाला, पण हाली पुरता बाद व्हायला १९५९ उजाडलं. काकांचा जन्म बावन्नचा. म्हणजे पोराला शाळेत धड उजळणी यायच्या आधीच घरात सहा-सप्तमांशाचा व्यवहार चालू होता. त्यावर पुन्हा शाळेतल्या गुरुजींनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा.

ही औटकी जगात कोणाच्या उपयोगी पडली असेल तर ती एकट्या टक्केकाकांच्या. सरकारी कर्जरोख्याचं व्याज वर्षातून दोनदा मिळतं. रोखा सात टक्क्यांचा असेल तर शंभर रुपयांवर दर सहामाहीला बरोबर औट. दहा वर्षांचे वीस हप्ते, वीस औट सत्तर. काका डोळे मिटून म्हणतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर गुरुजींची छडी चुकवल्याचं समाधान पसरतं.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सामान्य माणसाला थेट सरकारी रोखे घ्यायची खिडकी उघडली, कमीत कमी दहा हजारांपासून. कॉलनीत पहिलं खातं काकांनी उघडलं. म्हणजे उघडलं पुण्यातल्या मुलाने, ओटीपी काकांनी सांगितला, आणि सांगताना त्या सहा आकड्यांची बेरीज मनातल्या मनात केली. तेव्हापासून सकाळी कॅनॉटच्या बागेतल्या बाकावर रोख्यांचा वर्ग भरतो. विद्यार्थी तिघेच. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक वीज मंडळातले आणि एक वाळूजच्या कारखान्यातून व्हीआरएस घेऊन आलेले. तिघेही मुदत ठेवीवाले, आणि तिघांच्याही गुडघ्यांमुळे त्यांना बाकावरून पटकन उठून जाता येत नाही.

“समजा,” काका सुरू करतात, “सात टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा बाजारात ९३ रुपये २० पैशांना मिळतोय. परतावा किती?”

मुख्याध्यापक, गणिताचेच, लगेच म्हणतात, “सात भागिले ९३.२०. साडेसात.”

“साडेसात नाही. मुदत संपल्यावर शंभर मिळणार. वरचे सहा रुपये ऐंशी पैसे काय दानपेटीत टाकले?”

“मग सूत्र सांगा.”

इथे काकांचा आवाज खाली येतो, कारण ही त्यांची आवडती जागा. या प्रश्नाला सरळ सूत्रच नाही. भावावरून परतावा एका फटक्यात निघत नाही. दर मनाने धरायचा, त्या दराने पुढचे वीस हप्ते आणि शेवटचे शंभर आजच्या किमतीला आणायचे, बेरीज भावाशी जुळते का बघायचं, नाही जुळली तर दर हलवायचा. साडेसात धरले तर किंमत येते ९६ रुपये ५३ पैसे. भाव त्याहून खाली आहे, म्हणजे दर आणखी चढवा. आठ धरले तर बरोबर ९३ रुपये २० पैसे. जुळलं! संगणकही आत बसून हेच करतो, फक्त लाज वाटत नसल्यामुळे पटापट करतो. मोठमोठ्या बँकांचा हा सगळा डोलारा शेवटी अंदाजपंचे दाहोदरसे चालतो, याचा काकांना अपार आनंद आहे. मुख्याध्यापकांना मात्र हा गणिताचा अपमान वाटतो आणि ते प्राणायामाला लागतात.

वर्गाची खरी परीक्षा झाली ६ जून २०२५ ला. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकदम अर्ध्या टक्क्याने उतरवून साडेपाचवर आणला. दुसऱ्या दिवशी बाकावर सुतक. तिघांच्याही ठेवी दिवाळीच्या आसपास नूतनीकरणाला येणार होत्या आणि व्याज खाली जाणार हे उघड होतं. अशात काका पेढे घेऊन आले. दर उतरले की जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांचे भाव चढतात, हे शास्त्र त्यांनी वर्षभर शिकवलं होतं. आता प्रात्यक्षिक.

“आमच्या ताटातली भाकरी गेली आणि हा पेढे वाटायलाय,” वीज मंडळ म्हणालं.

व्हीआरएसवाल्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि विचारलं, “काका, तुम्ही हे रोखे विकणार का?”

“छे! मुदतीपर्यंत ठेवणार. विकायचे नसले की भाव चढला काय, पडला काय, आपल्याला शंभरच मिळणार.”

“मग पेढे कशाचे?”

काका थोडे थांबले. मग म्हणाले, “तत्त्वाचे.”

काकूंचं म्हणणं वेगळं आहे. काकूंची वीस बायकांची भिशी आहे, महिना पाच हजारांची, चिठ्ठी टाकून. एका वर्षी त्यांचा नंबर शेवटचा आला. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. काकांनी वाटायला लावलं. लाख रुपये पहिल्याच महिन्यात उचलणारी बाई ते सरासरी साडेनऊ महिने बिनव्याजी वापरते आणि शेवटची तेवढेच दिवस सगळ्यांना फुकट वापरायला देते. आठ टक्क्यांनी हा फरक ६,३३३ रुपये होतो, पहिलीला तेवढा फायदा, शेवटचीला तेवढाच तोटा. काकांनी वीस बायकांचा तक्ता केला, कोणी कोणाला किती भरपाई द्यायची ते रुपयापर्यंत लिहिलं आणि काकूंच्या पर्समध्ये ठेवून दिला. काकूंनी तो भिशीच्या दिवशी बशीत घातला आणि वर साबुदाण्याचे वडे ठेवले. तेल चांगलं शोषलं, असं त्या सांगतात.

पण काकांचं थोरपण बघायचं तर आहेराची वही बघावी. कोषागारातली कापडी पुठ्ठ्याची, लांब वही. तिच्यात १९७९ पासूनची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लग्नापासूनची नोंद आहे. डावीकडे दिलेले, उजवीकडे आलेले, मध्ये तारीख. रोख आहेर काळ्या शाईत, वस्तू लाल शाईत. वस्तूंना काका फारशी किंमत देत नाहीत. भिंतीवरची घड्याळं, देवांच्या तसबिरी, मिल्टनची भांडी हे सगळं त्यांच्या लेखी बुडीत. अपवाद लेमन सेटचा. १९८१ साली सरकारने काळा पैसा बाहेर काढायला विशेष धारक रोखे काढले होते. दहा हजारांचा रोखा, दहा वर्षांनी बारा हजार, आणि ज्याच्या हातात त्याचा, नाव-गाव कोणी विचारायचं नाही. लेमन सेटचं अगदी तसंच, असं काकांचं मत. खोका न उघडता तो या मांडवातून त्या मांडवात जातो, मूळ मालक कोण ते कोणालाच ठाऊक नसतं, आणि व्याज मात्र काही मिळत नाही. १९९४ साली पैठणला दिलेला एक लेमन सेट त्यांच्याकडे २००३ साली परत आला होता. त्यांनी तो खोक्यावरच्या उंदराच्या दातांवरून ओळखला.

रोख आहेर ही मात्र गंभीर बाब. तेहतीस वर्षांची येणी काकांनी २०१२ साली मुलाच्या लग्नात वसूल करायची ठरवली होती. पत्रिका छापायला गेली आणि होणाऱ्या सूनबाईंनी तिच्यात खाली एक ओळ घालून घेतली, ‘कृपया आहेर आणू नये.’ काकांनी ती ओळ वाचली तेव्हा ते गुलमंडीत इमरतीच्या दुकानासमोर उभे होते. तिथेच पायरीवर बसले.

“सरसकट कर्जमाफी!” ते म्हणाले. “शेतकऱ्याला देतात ती समजू शकतो. यात सगळे प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, दोन तर व्याजावर पैसे लावणारे आहेत!”

बीड बायपासवरच्या लॉनवर लग्न झालं. येणारा प्रत्येक जण रिकाम्या हाताने, हसत आला आणि जेवून गेला. फोटोत काका प्रत्येकाशी हस्तांदोलन करताना त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघताहेत. चारशे फोटोंत हीच नजर आहे.

पुढे २०२४ साली नातवाची मुंज झाली. पत्रिकेत काय छापायचं ते या खेपेला काकांनी सुनेला विचारलं नाही. त्या मुंजीत कन्नडकडचे एक जुने सहकारी आले आणि त्यांनी पाकीट दिलं. रात्री पाहुणे पांगल्यावर वही उघडली. याच गृहस्थांच्या लग्नात १९९१ साली काकांनी ५१ रुपये दिले होते. पाकिटात निघाले ५०१. तेहतीस वर्षं. घरात सगळे थकून आडवे झालेले, मुंजीचा बटू पिझ्झा मागतोय, आणि काका दिवाणखान्यात कॅलक्युलेटर घेऊन उभे.

“सात पूर्णांक सतरा!” त्यांनी जाहीर केलं. “पीपीएफ सात पूर्णांक एक देतो. आहेर शून्य पूर्णांक शून्य सातने पुढे!”

सून म्हणाली, “बाबा, त्यावर टॅक्स बसेल.” बिचारीला वाटलं, आता तरी झोपतील. काका म्हणाले, “लग्नाच्या आहेराला आयकर नाही. मुंजीला ती सवलत नाही, पण नातलग सोडून बाकीच्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या आत आलं तर नाही. आपलं किती आलं ते काढतोच आता.” पहाटे तीनपर्यंत ते काढत होते. मला हे ठाऊक आहे कारण आमच्या खोलीची खिडकी त्यांच्या दिवाणखान्यावर उघडते.

पाणी हा आमच्या शहरात वेगळाच विषय. पैठणला नाथसागर भरलेला असला तरी आमच्या नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि किती दिवसांआड ते सांगणं अवघड. काकांच्या दारावर दोन कॅलेंडरं आहेत, एक रोख्यांच्या व्याजाच्या तारखांचं, एक पाण्याचं. पहिल्यातली तारीख पाच वर्षं आधी सांगता येते, दुसऱ्यातली आदल्या रात्रीही नाही. नवीन पाणीयोजना १,६८० कोटींची होती ती २,७४० कोटींवर गेली, तेव्हा बाकावरचे सगळे संतापले. काका फक्त “त्रेसष्ट टक्के” एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. त्यांच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. पुण्याने २०१७ साली पाण्यासाठीच २०० कोटींचे रोखे काढले होते, ७.५९ टक्क्यांनी. आपल्यानेही काढावेत, मात्र व्याज पैशात देऊ नये, पाण्यात द्यावं, असा काकांचा प्रस्ताव आहे. शंभर रुपयांच्या रोख्याला सहामाही साडेतीन टँकर. औटच.

हे हसण्यावारी नेलं की ते हॉलंडचं उदाहरण काढतात. १६४८ साली तिकडच्या एका पाणी मंडळाने नदीचा बांध दुरुस्त करायला बकरीच्या कातड्यावर एक रोखा लिहून दिला. त्याला मुदतच नाही, व्याज कायमचं. येल विद्यापीठाने तो २००३ साली विकत घेतला आणि २०१५ साली त्यांचा माणूस तो घेऊन तिकडे गेला, तर बारा वर्षांचं तुंबलेलं व्याज १३६ युरो २० सेंट त्यांनी मोजून दिलं. मंडळाचा वारस जिवंत, नदी जिवंत, रोखा जिवंत. “आणि आपल्याकडे?” मुख्याध्यापक विचारतात. काका जुन्या शहराच्या दिशेने हात करतात. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहर खोदली, तिचं पाणी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं. भांडवल एकदाच घातलं. तिचा परतावा काढायला काका दोनदा बसले, पण मलिक अंबरने खर्चाची पावती कुठे ठेवली ते न सापडल्यामुळे काम अर्धवट आहे.

आता पेन्शन. यावर काकांशी बोलू नये असं त्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलं आहे. सरकारी माणूस निवृत्त होताना पेन्शनीचा काही भाग, चाळीस टक्क्यांपर्यंत, विकून एकरकमी पैसे घेऊ शकतो. कोषागारात याला अंशराशीकरण म्हणतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी सोडणाऱ्याला महिन्याच्या विकलेल्या रकमेच्या बारापट गुणिले ८.३७१ एवढे पैसे मिळतात आणि पुढे पंधरा वर्षं तेवढी रक्कम पेन्शनीतून कापली जाते. पंधरा वर्षांनी ती पूर्ववत होते. काकांनी हजारो लोकांची ही प्रकरणं मंजूर केली होती. स्वतःची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सरकारच्या नव्हे, आपल्या बाजूने बसून गणित केलं. पंधरा वर्षं पुरी जगलो तर सरकारचे हे पैसे आपल्याला साधारण ८.७ टक्क्यांनी पडतात. तेव्हा पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना नऊ टक्के देत होती. घेतलेला पैसा तिथे ठेवला. पॉइंट तीन टक्के फायदा! कर भरायच्या आधी.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांना दुसरी बाजू दिसली. पेन्शनर मधेच गेला तर कापणी तिथेच थांबते, वसुली नाही. म्हणजे दहा वर्षांत गेला तर त्याला ते पैसे पावणेचार टक्क्यांच्याही आत पडले. आणि आठ वर्षं साडेचार महिन्यांच्या आत गेला तर सरकारने त्याला उलट पदरचे दिले.

निवृत्तीनंतर चारच वर्षांनी त्यांचे एक सहकारी हार्टने गेले. उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी काकांबरोबर मीही गेलो होतो. वहिनी रडत होत्या. काका बराच वेळ भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू. मग माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “याने सरकारला चांगलंच बुडवलं रे.” त्या आवाजात दुःख होतं आणि थोडी असूयाही.

स्वतः काका २०२५ साली पंधरा वर्षं पुरी करून बसले. पेन्शन पूर्ववत झाली. काकूंनी शिरा केला, मुलगा-सून पुण्याहून आले. काका शिऱ्याकडे बघत म्हणाले, “पूर्ण आठ पूर्णांक सात टक्के. एक हप्ता सुटला नाही.” काकू म्हणाल्या, “अहो, जिवंत आहात ना!” “तेच तर सांगतोय,” काका म्हणाले. आता दर नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात तेव्हा कपडे इस्त्रीचे असतात, चाल ताठ असते. अंगठा लावताना खिडकीतल्या मुलीला म्हणतात, “कळवा वर. तोटा चालू आहे म्हणावं.”

या सगळ्या वर्षांत काकांना खरं छळलं ते एकाच माणसाने. नाना. त्यांच्याच ऑफिसातला, आकड्यांशी वैर असलेला, अजूनही दुकानदाराने दिलेले सुटे पैसे न मोजता खिशात टाकणारा नाना. १९८८ साली दोघांना एकाच दिवशी थकबाकी मिळाली, प्रत्येकी वीस हजार. किसान विकास पत्र त्याच एप्रिलमध्ये निघालं होतं. साडेपाच वर्षांत दुप्पट, म्हणजे १३.४३ टक्के. काकांनी वीस हजारांची पत्रं घेतली आणि नानालाही फॉर्म आणून दिला. नानाने तो फॉर्म उशीखाली ठेवला आणि आमच्याच शहरालगतच्या सातारा परिसरात, तेव्हा नुसतीच बाभळ होती तिथे, एक प्लॉट घेतला. कोणीतरी मागे लागला म्हणून.

पुढची सदतीस वर्षं म्हणजे या दोन वीस हजारांची शर्यत. काकांची पत्रं दुप्पट झाली, पुन्हा गुंतवली, पुन्हा दुप्पट झाली. पण सरकार दर खेपेला मुदत लांबवत गेलं. २००३ साली आठ वर्षं सात महिने झाली. २०११ साली पत्रं बंदच झाली, २०१४ साली परत आली ती शंभर महिन्यांची होऊन. आज एकशे पंधरा आहेत. परताव्याच्या गणितात एक छुपी अट असते, मिळालेला पैसा पुन्हा त्याच दराने गुंतवता आला पाहिजे. ती अट काकांनी लोकांना शंभरदा समजावली होती. ती त्यांच्याच अंगावर आली. २०२३ पर्यंत वीस हजार पाच वेळा दुप्पट झाले. सहा लाख चाळीस हजार. बत्तीसपट.

नानाच्या प्लॉटला साठ लाखांचं गिऱ्हाईक होतं. तीनशेपट.

“टक्के किती?” नानाने एकदा, फक्त एकदाच, उलट विचारलं. काकांना १६.६७ येत होते. त्यांनी ते सांगितले नाहीत. घरी येऊन त्यांनी नानाचा खर्च धरायला सुरुवात केली. १९९० साली भिंत घातली, आठ हजार. ती शेजाऱ्याने पाडली. २००२ साली परत घातली, चाळीस हजार. २०२२ साली गुंठेवारी नियमित करायला दीड लाख. हे सगळं त्या त्या तारखेला टाकून आकडा पंधराच्या थोडा वर येऊन अडला, खाली उतरेना. नाना दर रविवारी रिक्षाने प्लॉट बघायला जायचा त्याचं भाडं टाकलं. तिथे शेंगा खायचा, त्या टाकल्या. उतरेना.

मग काकांनी शेवटचं शस्त्र काढलं. “विकून दाखव. विकल्याशिवाय परतावा नसतो. तोवर ते नुसते कागदी टक्के.” नाना हसायचा. विकायचं त्याच्या मनातच नव्हतं. त्यामुळे शर्यत बरोबरीत सुटल्यासारखी होती आणि दोघांचं बरं चाललं होतं.

गेल्या महिन्यात नाना सकाळी सकाळी काकांच्या ओट्यावर येऊन बसला. मी पाण्याच्या मोटरशी खटपट करत होतो, सगळं ऐकू येत होतं.

“विकावा म्हणतो,” नाना म्हणाला. “पोरगी पुण्यात फ्लॅट घ्यायलीय. पार्टी साठ लाख द्यायला तयार आहे, चेकने. तुझ्याएवढा हिशेब कोणाला येत नाही. तू विक म्हणालास तर विकतो.”

काकांनी कॅलक्युलेटर काढला. एक आकडा दाबला, पुसला. सदतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर बसलं होतं. नानाने विकलं की कागदी टक्के खरे होणार, कायमचे, साठ लाखांच्या चेकने. बत्तीस आणि तीनशे समोरासमोर.

“नको विकू,” काका म्हणाले.

“का रे?”

“भाव अजून वर जाणार. ऑरिकच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने येताहेत, समृद्धी महामार्ग झाला. आत्ता विकणं म्हणजे मूर्खपणा. दहा वर्षं हात लावू नकोस.”

नाना त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

“एवढा वाढणार असेल तर तूच घे की. घरातल्या घरात. तुला अठ्ठावन्नला देतो.”

काकांनी कॅलक्युलेटर खिशात घातला, चपला शोधल्या आणि “पाणी यायची वेळ झाली” म्हणून घाईघाईने आत गेले. त्या दिवशी आमच्या गल्लीचा पाण्याचा वार नव्हता.